किलोभर चिपाड, पण किती जाळ?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे नीट लिहून काढलेत. कारण या भागात आकडे जरा जास्त आहेत, आणि बसमध्ये उभं राहून ऐकताना ते डोक्यावरून जातात.

दसऱ्याच्या आसपास आमच्या माढा तालुक्यात फ्लेक्स लागायला लागतात. 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ'. कारखान्याचा बॉयलर पेटवायचा, पूजा करायची, मग काही दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगाम सुरू. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्याचा भोंगा ऐकत मोठी झालेली आमची पिढी. पण आमच्या आजोबांच्या पिढीला माढा म्हणजे ज्वारीचा तालुका होता. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, ते याच तालुक्यात, आणि त्यानंतर कालव्याच्या पाण्यानं इथलं शिवार हिरवं झालं. ऊस आला आणि उसाबरोबर चिपाडाचे ढीग आले.

आज विषय त्या ढिगाचा. प्रश्न दहावीच्या पोराला विचारावा इतका सोपा आहे: एक किलो चिपाड जाळलं तर जेवढी उष्णता मिळते, दोन किलो जाळलं तर त्याच्या दुप्पट मिळेल का?

उत्तर 'हो' असं आहे. पण त्या 'हो'च्या आत एक खोच आहे, आणि ती सापडायला माणसाला बराच वेळ लागला. खोच अशी की 'किती जाळलं' म्हणजे नेमकं कशाचं किती? वजनकाट्यावर दिसतं त्याचं? की खरोखर जळलं त्याचं? हे दोन आकडे एक नसतात, आणि त्यांच्या मधल्या फरकात आज उसाच्या बिलातले पैसे अडकलेले आहेत.

आधी गुऱ्हाळावर जाऊ. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: चरकातून रस निघतो, तो मोठ्या काहिलीत जातो, काहिलीखाली चुलवाण, आणि चुलवाणात जाळ कशाचा? त्याच उसाच्या वाळवलेल्या चिपाडाचा. बाहेरचं इंधन शक्यतो घ्यायचं नाही. गुळव्या वर उभा राहून रसाकडे बघतो, भेंडीचं पाणी घालून मळी काढतो, आणि खाली एक जण बसून चुलवाणाच्या तोंडात चिपाडं सारत राहतो. खालच्या माणसाकडे कुणी फारसं बघत नाही. अख्खी केमिस्ट्री त्याच्या हातात असते. गुळव्या वरून ओरडला 'जाळ वाढव', की नवखा माणूस भराभर चिपाडं कोंबतो. मग काय होतं? धुराड्यातून काळा धूर, आणि काहिलीतली उकळी उलट बसते. मुरलेला माणूस मूठमूठ टाकतो, थांबतो, आत वाऱ्याला वाट ठेवतो. इंधन जास्त टाकलं म्हणून जाळ वाढत नाही, हे त्याला कळलेलं असतं. का, हे सांगायला मात्र आपल्याला पॅरिसला जावं लागेल.

साल १७८२-८३, हिवाळा. आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमों लाप्लास. लाव्हाझिएचा पोटापाण्याचा धंदा करवसुलीचा. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि जनतेकडून कर गोळा करायचा, अशा खासगी कंपनीचा तो भागीदार होता. (याच धंद्यापायी पुढे ८ मे १७९४ ला क्रांतीच्या काळात त्याचं डोकं उडवलं गेलं.) मला नेहमी वाटतं की त्याचं रसायनशास्त्र हे हिशेबनिसाचं रसायनशास्त्र आहे. भांड्यात जे गेलं आणि भांड्यातून जे निघालं, त्याचा जमाखर्च जुळलाच पाहिजे. आणि या माणसाला हिशेब मांडायचा होता उष्णतेचा, जी दिसत नाही आणि तराजूत बसत नाही.

त्यांनी युक्ती केली. एका भांड्यात दुसरं, त्यात तिसरं. मधल्या पोकळीत बर्फ ठासून भरलेलं, आणि बाहेरच्या पोकळीतही बर्फ, म्हणजे खोलीची गरमी आत शिरणार नाही. सगळ्यात आत जळणारी वस्तू. ती जळली की मधलं बर्फ वितळतं आणि पाणी खालच्या तोटीतून बाहेर येतं. ते पाणी तोलायचं. बर्फाला वितळायला ठरावीक उष्णता लागते, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं आधीच दाखवलं होतं. म्हणजे जेवढं पाणी तेवढी उष्णता! न दिसणारी गोष्ट त्यांनी शेवटी तराजूत बसवलीच. हा प्रयोग थंडीतच नीट व्हायचा. आमच्याकडे मे महिन्यात केला असता तर कोळसा पेटवायच्या आधीच तोटी वाहायला लागली असती.

त्यांचा आकडा असा: एक पौंड लोणारी कोळसा जाळला की साधारण साडेशहाण्णव पौंड बर्फ वितळतं. आजच्या मोजमापानं शुद्ध कार्बनसाठी हा आकडा ९८ च्या आसपास येतो. थर्मामीटरचे नखरे, गळकी भांडी, जेमतेम तराजू, आणि तरी एवढं जवळ. त्याच भांड्यात त्यांनी एक गिनीपिगही ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उबेनं सुमारे १३ औंस बर्फ वितळलं. त्यावरून त्यांनी ठरवलं की श्वास घेणं म्हणजे सावकाश चाललेलं ज्वलनच.

पण यातली महत्त्वाची गोष्ट साडेशहाण्णव नाही. महत्त्वाचं आहे ते 'एक पौंडाला'. उष्णता ही जाळाच्या रंगावर, भडक्यावर किंवा जाळणाऱ्याच्या हातगुणावर अवलंबून नाही. अमुक पदार्थ, तमुक वजन, इतकी उष्णता. वजन निम्मं केलं तर बर्फही निम्मं वितळेल. आज आपल्याला हे 'त्यात काय' वाटतं. त्या काळी जळणं म्हणजे पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी निघून जाणं, असं शिकवलं जायचं, तेव्हा हे मुळीच 'त्यात काय' नव्हतं.

आता एक गंमत. लाव्हाझिएनं मोजलं बरोबर, पण उष्णता म्हणजे काय याबद्दलची त्याची समजूत आज टिकत नाही. उष्णता हा एक बिनवजनाचा द्रव आहे, त्याचं नाव कॅलॉरिक, आणि तो ऑक्सिजन वायूत भरलेला असतो, असं त्याचं म्हणणं. १७८९ च्या पुस्तकात मूलद्रव्यांची यादी दिली त्यात कॅलॉरिकही बसवलं. कोळसा जळला की ऑक्सिजनमधलं कॅलॉरिक मोकळं होतं, म्हणजे उष्णता इंधनातून नाही, हवेतून येते! पुढे कॅलॉरिक गेलं. पण सव्वाशे वर्षांनी, १९१७ मध्ये, थॉर्नटन नावाच्या इंग्रज संशोधकानं वेगवेगळ्या सेंद्रिय वायूंचे आणि द्रवांचे आकडे समोर मांडले आणि त्याला दिसलं, की इंधनाच्या किलोमागे उष्णता कितीही वेगळी असो, खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या किलोमागे ती जवळजवळ सारखीच येते. सुमारे १३ मेगाज्यूल. १९८० मध्ये ह्युगेटनं हेच लाकूड, प्लास्टिक वगैरेंनाही साधारण लागू पडतं असं दाखवलं, आणि आज आगीच्या प्रयोगशाळांमध्ये सोफा जाळून बघायचा असेल तर सोफा तोलत बसण्यापेक्षा किती ऑक्सिजन कमी झाला ते मोजतात. लाव्हाझिएचं कारण गेलं, पण ऑक्सिजनकडे बघा हा त्याचा इशारा राहिला. (मेगाज्यूल म्हणजे किती? तीन लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण एक मेगाज्यूल लागतो. तेवढं लक्षात ठेवा.)

आता चुलवाणासमोर बसलेल्या त्या माणसाकडे परत. एक किलो कोरडं चिपाड पूर्ण जळायला जवळपास सहा किलो हवा लागते. हवा तोलायची आपल्याला सवय नाही, म्हणून असं बघा: दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली. तिच्यातली सगळी हवा वापरली तर पाच-साडेपाच किलो चिपाड पूर्ण जळेल. बस्स. कोंबून दहा किलो भरलं तर पाच किलोची उष्णता मिळेल आणि उरलेलं धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन धुराड्यातून निघून जाईल. वर ते उरलेलं तापवायलाही उष्णता खर्च होणार. म्हणून काळा धूर आला की उकळी बसते. 'इंधन दुप्पट तर उष्णता दुप्पट' हे वाक्य अर्धं आहे. पूर्ण वाक्यात 'आणि हवाही दुप्पट' असं हवं. यार्डातला बगॅसचा ढीग पेटला तर तो झटकन भडकून न संपता दिवसेंदिवस आतल्या आत धुमसत राहतो, त्याचंही कारण हेच. ढिगात इंधन डोंगराएवढं, पण पोटात हवा नाही.

अकरावीतला मोल आठवतोय? आठवत नसला तरी चालेल. १८९० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डनं हा शब्द रूढ केला. कल्पना अशी की वजनापेक्षा कण मोजा, कारण रासायनिक क्रिया कणाकणांत होते, किलोकिलोंत नाही. १२ ग्रॅम कार्बन म्हणजे एक मोल, तो जळला की ३९३.५ किलोज्यूल. ६ ग्रॅम घेतला की बरोबर निम्मे. २ ग्रॅम हायड्रोजन म्हणजेही एक मोल, त्याचे २८६. म्हणजे मोलमागे कार्बन वरचढ. पण किलोमागे बघा: कार्बन सुमारे ३३ मेगाज्यूल, हायड्रोजन १४२! चित्र पार उलटं. छेद बदलला की क्रमवारी बदलते. आम्ही सॉफ्टवेअरवाले डॅशबोर्ड बनवतो तेव्हा अर्धी भांडणं याच कारणावरून होतात. कुणी 'प्रति युजर' काढतं, कुणी 'प्रति ऑर्डर', आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

बगॅसच्या बाबतीत हा छेद कसा फसवतो ते आता बघू. मला विचाराल तर या भागाचा गाभा इथेच आहे.

कारखान्याच्या शेवटच्या मिलमधून चिपाड बाहेर येतं, त्यालाच बगॅस म्हणायचं, तेव्हा त्यात साधारण निम्मं पाणी असतं. १०० किलो बगॅस म्हणजे ५० किलो जळणारा माल आणि ५० किलो पाणी. कोरड्या मालाच्या किलोमागे साधारण १८ मेगाज्यूल मिळतात. ५० किलोचे झाले ९००. पण आतल्या ५० किलो पाण्याची वाफ व्हायला किलोमागे २.४ प्रमाणे १२० मेगाज्यूल जातात, आणि ती वाफ धुराबरोबर चिमणीतून बाहेर. हातात राहिले ७८०. म्हणजे किलोमागे ७.८.

आता हाच ढीग उन्हात वाळवा, ओलावा १० टक्क्यांवर येऊ द्या. कोरडा माल तोच ५० किलो, पाणी साडेपाच किलो. ढिगाचं वजन ५५ किलो आणि वर थोडं. हिशेब परत करा, उष्णता येते सुमारे ८८७ मेगाज्यूल. किलोमागे १६!

किलोमागे बघितलं तर वाळवल्यानं उष्णता दुपटीहून जास्त झाली. वा! पण ढिगामागे बघितलं तर ७८० चे ८८७, म्हणजे १४ टक्के वाढ. दोन्ही आकडे खरे आहेत. तुम्ही किलोवर चिपाड विकत घेत असाल तर पहिला आकडा तुमच्या कामाचा, कारण ओल्या मालात तुम्ही पाण्याला पैसे मोजताय. तुमच्या स्वतःच्या शेतातल्या उसाचं चिपाड असेल तर दुसरा, कारण जळणारा माल तेवढाच आहे, वाळवून तो वाढत नाही. सूर्यानं फक्त पाणी उडवण्याचं बिल भरलं. ते बिल कुणीतरी भरावंच लागतं, ऊन नाहीतर जाळ. १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेसनं मांडलेला नियम थोडक्यात हेच सांगतो: कुठल्याही वाटेनं जा, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर एकूण उष्णतेचा हिशेब तोच. (ओल्या जाळाची धग कमी असते, भट्टी नीट तापत नाही, हा तोटा वेगळा. कागदावरच्या हिशेबात तो येत नाही.)

गुऱ्हाळवाल्यांना ढिगामागचा हा हिशेब पक्का माहीत होता, कारण त्यांच्याकडे चिपाड जेमतेम पुरायचं. एक टन ऊस घ्या. ६०० किलोच्या आसपास रस, त्यातून शंभरेक किलो गूळ, म्हणजे ५०० किलो पाणी आटवायचं. तापवून आटवायला किलोमागे २.६ धरले तर १३०० मेगाज्यूल. इकडे त्या टनाचं चिपाड वाळवून २०० किलो भरतं, त्यात असतात ३००० च्या आसपास. म्हणजे शंभरातले त्रेचाळीस तरी भाग काहिलीला लागले पाहिजेत. एका काहिलीच्या जुन्या चुलवाणात एवढे लागत नाहीत, बाकीचे धुराड्यातून आभाळाला. मग तुराट्या आणा, पळाट्या आणा, लाकूड विकत घ्या. चिपाड न वाळवता जाळायची चैन तिथे परवडणारीच नव्हती. म्हणून गुऱ्हाळाच्या भोवती जेवढी जागा रसाला, त्याच्या कितीतरी पट वाळवणाला.

मग कारखान्यात तोच ऊस, तेवढंच चिपाड, तेही न वाळवता जाळून, शिवाय उरतं कसं? याचं उत्तर एका माणसापाशी जातं. नॉर्बर्ट रिलियो, जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. शिक्षण पॅरिसला. त्याच्या लुइझियानात उसाचा रस ओळीनं मांडलेल्या कढयांत आटवला जायचा आणि उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतायचं काम गुलाम करायचे. भाजणं, मरणं नेहमीचं. रिलियोनं ती रांग बंद भांड्यांत बदलली. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ निघते ती हवेत न सोडता दुसऱ्या भांड्याखाली न्यायची. दुसऱ्यात दाब कमी ठेवायचा, म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला. १८४३ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं, १८४६ मध्ये सुधारित. गुऱ्हाळात एक किलो वाफेएवढी उष्णता फार तर एक किलो पाणी उडवते. चार भांड्यांच्या रांगेत तीच उष्णता जवळपास चार किलो उडवते. बगॅस तेवढाच, त्यातून निघणारी उष्णता तेवढीच. बदललं ते एवढंच की ती पुन्हा पुन्हा वापरली. अमेरिकेत वर्णद्वेषाला कंटाळून तो पॅरिसला परतला आणि १८९४ मध्ये तिथेच गेला. आज साखर कारखान्यातल्या ज्या भागाला 'क्वाड' म्हणतात, तो याच माणसाचा.

त्यामुळे कारखान्यांची अडचण गुऱ्हाळाच्या नेमकी उलटी झाली. बगॅस उरायला लागला. टनभर उसामागे २८० किलोच्या आसपास बगॅस, किलोमागे दोन-सव्वादोन किलो वाफ, आणि साखरेला लागणारी वाफ त्याहून कमी. उरलेल्याचं करायचं काय? जागा अडते, आग लागायची भीती. म्हणून कित्येक वर्षं जगभरच्या कारखान्यांत बॉयलर मुद्दाम फार काटकसरी ठेवले जात नसत, म्हणजे बगॅस सगळा संपून जाईल. ऐकायला विचित्र वाटेल, पण बॉयलर हीच कचराकुंडी होती! १९९० च्या दशकात केंद्र सरकारनं सहवीजनिर्मितीला हात दिला, कारखान्यांनी जास्त दाबाचे बॉयलर बसवले, वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली, आणि कालचा कचरा मोजायची गोष्ट झाला.

मोजायची गोष्ट झाली की वाटपाचा प्रश्न येतोच. २०१२ मध्ये सी. रंगराजन समितीनं सुचवलं, की साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड हे उपपदार्थ धरून येणाऱ्या किमतीतला ७० टक्के वाटा उसाचा असावा. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये त्या धर्तीवर ऊसदराचा कायदा केला. म्हणजे बगॅस किती निघाला, हा आता बॉयलरवाल्याचा खासगी प्रश्न राहिला नाही. शेतकऱ्याच्या बिलात तो आकडा बसतो.

आणि तो आकडा येतो कुठून? तुम्हाला वाटेल, बगॅस काट्यावर तोलत असतील. सहसा नाही. पट्ट्यावरून सतत वाहणारा, फुगीर, ओला माल तोलणं कटकटीचं असतं. तो वजाबाकीनं काढतात. गाळलेला ऊस, अधिक मिलवर शिंपडलेलं पाणी, वजा निघालेला रस, बरोबर बगॅस. समजा १००० किलो ऊस, २८० किलो पाणी, १००० किलो रस. उरला २८० किलो बगॅस. आता रसाच्या मापात फक्त एक टक्का फरक पडला, रस १०१० दाखवला, तर बगॅस झाला २७०. रसातली एक टक्क्याची चूक बगॅसमध्ये साडेतीन टक्क्यांहून मोठी झाली. मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढला की असं होतंच. कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय तो २७० किंवा २८० किलो म्हणजे निम्मं पाणीच. ओलावा प्रयोगशाळेत नमुना वाळवून काढतात. ५० टक्क्यांच्या जागी ४८ निघाला तर त्याच २८० किलोत कोरडा माल १४० ऐवजी १४५.६ किलो होतो, चार टक्के जास्त. जळणार तो कोरडा माल. त्यामुळे वार्षिक सभेला जाणार असाल, किंवा घरातलं कुणी सभासद असेल, तर अहवालात बगॅसच्या टनांच्या शेजारी ओलाव्याचा रकाना आहे का बघा. असेल तर त्यातून कोरडा माल काढा, १८ नं गुणा, पाण्याचे २.४ प्रमाणे वजा करा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.